दंडाला पट्टा बांधण्याआधी

६ जानेवारी

ही डायरी औषध कंपनीने फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे, त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी त्याखाली 'जळजळ होते?' असा प्रश्न छापलेला असणार. असो. फुकट ते पौष्टिक.

आजपासून आमच्या प्रसूतिगृहात माझं नवं काम सुरू झालं. मूल हवं असलेल्या किंवा नुकतीच चाहूल लागलेल्या प्रत्येक जोडप्याला वाहक तपासणीबद्दल सांगायचं. काही आजार आपल्याला स्वतःला होत नाहीत, पण आपल्याकडून मुलांकडे जाऊ शकतात. नवरा आणि बायको दोघंही एकाच आजाराचे वाहक असले तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. साधं रक्त तपासून हे आधी कळतं. कळायची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, सांगत मात्र कुणी नाही.

थोरल्यांना हे पसंत नाही. थोरले म्हणजे माझे भागीदार डॉक्टर. पेशंट त्यांना थोरले म्हणतात आणि मला धाकट्या बाई. माझी पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी धाकटीच. ते म्हणाले, "ज्यांच्या घराण्यात आजार आहे त्यांना सांगा. बाकीच्यांच्या डोक्यात कशाला किडा सोडायचा?" मी म्हटलं, हे आजार ज्या घरांत निघतात त्यातल्या बहुतेक घरांत आधी कुणालाच ते झालेले नसतात. त्यावर ते चष्मा पुसत बसले.

मला शिंपी विसरता येत नाही. त्याचं बाळ आमच्याच इथे झालं, गोरं गोमटं, चांगल्या वजनाचं. पण महिन्यांमागून महिने गेले तरी ते मान धरेना. स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार निघाला. मागच्या महिन्यात शिंपी माझ्यासमोर येऊन बसला, टोपी मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "हे आधी कळलं असतं म्हणतात. मग आम्हाला कुणी विचारलं का नाही?" 

यापुढे हा प्रश्न मला कुणी विचारता कामा नये. तसं झालं तर मी हे काम सोडून घरी बसेन.

१३ जानेवारी

आठवडाभर घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच जोडपी तयार झाली. एका सासूबाईंनी सांगितलं, "आमच्या घरात तसलं काही नाही," जणू मी उवांची चौकशी करत होते. एका नवऱ्याने विचारलं, "हिच्यात काही निघालं तर?" मी म्हटलं, "आणि तुमच्यात निघालं तर?" त्यावर त्याला एकदम कुणाचातरी महत्त्वाचा फोन करायचा होता.

एका जोडप्याला समजावेपर्यंत बाहेरची रांग दारापर्यंत येते. मोठ्या सिस्टर आत डोकावून नुसत्या खाकरतात. त्यांच्या खाकरण्यात पूर्ण वाक्य असतं.

रात्रीची वाट न बघता आज दुपारीच मुलीला फोन लावला. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली, दोघंही दुसऱ्या गावी नोकरीला. म्हटलं, "बाळाचा विचार करायच्या आधी तुम्ही दोघांनीही हे करून घ्या. जगाला सांगते आणि घरात नको, असं नको व्हायला." ती म्हणाली, "बघू गं, आई." तिचं हे 'बघू' थेट तिच्या बाबांचं आहे. त्याचा अर्थ नाही असा असतो.

२४ जानेवारी

युक्ती सापडली. आणि किती सोपी होती.

नवीन पेशंटचं रक्त तर आम्ही घेतोच. सिस्टर दंडाला पट्टा बांधतात, शीर शोधतात, मूठ वळायला सांगतात. नेमक्या त्या वेळी मी तिथे जाऊन विचारायचं, "बाळासाठी अजून एक तपासणी आहे. आजार पुढे जाऊ नये म्हणून. सुई एकदाच, फक्त एक ट्यूब जास्त. घेऊ ना?" मोकळ्या हाताने सही होते. पाच मिनिटंही लागत नाहीत.

आज एकही बाई नाही म्हणाली नाही. एकही नाही. गेले तीन आठवडे मी उगाच भिंतीवर डोकं आपटत होते. थोरले दारातून बघत होते, भुवया वर गेल्या होत्या. त्या वर जाऊ देत.

४ फेब्रुवारी

काम छान मार्गी लागलंय. रक्त घ्यायच्या खोलीत आता सिस्टरच माझं वाक्य म्हणतात, माझ्याहून गोड म्हणतात.

आज मुलीचा आपणहून फोन आला, हे विशेष. तिने विचारलं, "तुमच्याकडे त्या तपासणीचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात? दोघांचा एकदमच येतो का?" मला इतकं बरं वाटलं. लहानपणी माझ्या दवाखान्याचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. मी तिला सगळं नीट समजावलं. मध्येच म्हणाली, पित्त झालंय, सकाळी काही खाववत नाही, वासही सहन होत नाही. पानाच्या तळाशी आहे तीच गोळी सांगितली. जाहिरातीचा असा उपयोग व्हावा.

ह्यांनी मागच्या खोलीत फळ्या आणून टाकल्यात. निवृत्त झाल्यापासून सुतारकामाचं वेड लागलंय. घरभर भुसा, आणि हे शीळ घालतायत. काय करताय विचारलं तर, "झालं की बघ." माझ्या पुस्तकांना कपाट असणार. वीस वर्षं मागतेय.

२० फेब्रुवारी

पहिले रिपोर्ट आले. बहुतेकींमध्ये काही नाही. ज्या वाहक निघाल्या त्यांना मी स्वतः फोन केले, कारण ही कामं दुसऱ्यावर ढकलायची नसतात. माझं वाक्य ठरलेलं आहे: "वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. यात कुणाची चूक नाही. फक्त आता तुमच्या मिस्टरांचं रक्त तपासायचं."

पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या शिंप्याच्या बाळाच्याच आजाराच्या वाहक निघाल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. परत एकदा "बरं" म्हणाल्या. मागे मुलांचा गलका आणि पाण्याचा आवाज येत होता. किती समजूतदार बाई. सगळ्या अशा असतील तर हे काम पोरखेळ आहे.

२७ फेब्रुवारी

ह्यांचं कपाट बंद पडलं. फळ्यांवर जुनी चादर टाकून ठेवलीय. हाती घेतलेलं तडीस न्यायचं नाही, ही जुनी खोड. शीळही बंद. फोन आला की गच्चीत जाऊन बोलतात. कोण होतं विचारलं तर म्हणतात, जुना मित्र. या वयात ह्यांना इतका जुना कोणता मित्र सापडला कोण जाणे.

मुलीला तीनदा फोन केला. 'कामात आहे, नंतर करते' असा निरोप आला. गरज असली की आई, नाहीतर कामात. चालायचंच.

५ मार्च

पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. उंच, खांदे भरलेले, आवाज तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचेल असा. पण आज हळू बोलत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुमचा फोन आला तेव्हा माझी मुलं पाण्यात होती," त्या म्हणाल्या. "लहान मुलं. पाण्यात मुलं असली की मला खाली बसता येत नाही, नजर हलवता येत नाही. तुम्ही काय सांगत होता त्यातलं मला एवढंच कळलं की माझ्यात काहीतरी आहे आणि ते बाळाला मारेल. तास संपेपर्यंत मी उभी होते."

मी म्हटलं, मी तर नीट सांगितलं होतं. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे.

"सांगितलं असेल. मला घरी जाऊन सासूबाईंना काय सांगावं ते कळेना. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की सुनेत दोष आहे. नवऱ्याने रक्त दिलंय, पण तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. आता रिपोर्टसाठी अजून आठ-दहा दिवस थांबायचं. मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याबरोबर आले असते, दोघांनी एकत्र दिलं असतं."

"विचारलं होतं ना," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हणालात."

 मग म्हणाल्या, "बाई, दंडाला पट्टा बांधलेला होता. सिस्टर सुई घेऊन उभ्या होत्या. त्या वेळी मी काय करायचं होतं? पट्टा सोडा म्हणायचं? डॉक्टरसमोर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

६ मार्च

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर रक्त घ्यायच्या खोलीत गेले. खुर्चीत बसले, हात टेकवायची पुढची आडवी पट्टी खाली केली, दुसऱ्या हाताने आणि दातांनी दंडाला पट्टा आवळला. बोटं जड झाली. त्या खुर्चीतून दार दिसतच नाही, दिसतो तो ट्यूब ठेवायचा ट्रे. इतकी वर्षं ही खोली माझी आहे आणि या खुर्चीत मी आजवर बसले नव्हते.

एकही बाई नाही म्हणाली नाही म्हणून मी खूश झाले होते. डोकं ठिकाणावर होतं का माझं?

१० मार्च

थोरल्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते फक्त म्हणाले, "मग थांबवूया. मी म्हणतच होतो."

"थांबवायचं नाही," मी म्हटलं. "शिंप्याला आपण विचारलं नाही, ते चूक. हिला पट्टा बांधून विचारलं, तेही चूक. या दोन्हींच्या मध्ये विचारायची काहीतरी रीत असेलच की. ती काढायची."

रीत अशी काढली: विचारायचं ते रक्त घ्यायच्या खोलीत नाही. शक्यतो दोघं असतील तेव्हा. उत्तर त्याच दिवशी घ्यायचं नाही, घरी जाऊन या म्हणायचं. आणि नाही म्हणणाऱ्याला का असं विचारायचं नाही. थोरले म्हणाले, "अशाने निम्मे परत येणार नाहीत." मी म्हटलं, "नाही येणार." ते टेबलावरची आपली कागदपत्रं गोळा करू लागले. मग म्हणाले, "माझी बाहेरची खोली घ्या. उजेड आहे, दार समोर दिसतं. मी आत बसेन, मला काय, मी कुठेही घोरतो."

सिस्टर खाकरल्या. पण या वेळी त्यांनी लगेच खुर्च्या हलवायला घेतल्या.

१४ मार्च

पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या मिस्टरांचा रिपोर्ट आला. ते वाहक नाहीत. फोन लावल्यावर आधी विचारलं, "कुठे आहात? बसायला जागा आहे का? आत्ता बोलू, की नंतर?" त्या म्हणाल्या, "पाण्याबाहेर आहे. बोला." सांगितल्यावर त्यांनी मला ते परत एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे." आभार मानले नाहीत. कशाला मानतील.

नव्या खोलीत या आठवड्यात बसलेल्यांपैकी निम्म्याहून कमी परत आले. जे आले ते मात्र दोघं मिळून आले, आणि एकाने चक्क प्रश्न लिहून आणले होते.

१५ मार्च

दुपारी बेल वाजली. दारात मुलगी आणि जावई. मी म्हटलं, "अगं, फोन तरी करायचास." हे आतून आले. ह्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे मला त्याही गडबडीत दिसलं.

मुलगी म्हणाली, "आई, आधी बस." बसले. "मला तिसरा महिना चालू आहे." मी तिला जवळ घ्यायला उठले. "बस. अजून आहे."

तिने सांगितलं. मी जानेवारीत बोलले होते ते ऐकून दोघांनी रक्त दिलं होतं. दोघंही वाहक निघाले. शिंप्याच्या बाळाला आहे, त्याच आजाराचे.

सकाळी खाववत नाही. वास सहन होत नाही. आयुष्यभर बायकांच्या चेहऱ्यावरून ओळखत आले आणि पोटच्या पोरीला पित्ताची गोळी सांगितली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या क्षणी माझ्या डोक्यात भराभर सगळं जुळलं. बाळाला आजार आहे का ते कळायला वारेचा नमुना घ्यायचा, याच आठवड्यात, ज्यांचा हात चांगला आहे त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. माझा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. जावई माझ्या हाताकडे बघत होता. मुलगी म्हणाली, "बघ. म्हणून तुला सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"तू नंबर लावून मोकळी झाली असतीस. आणि मी गेले असते. मला तुला नाही म्हणता येत नाही, आई. कधीच आलं नाही. बाबांना सांगितलं, कारण ते नुसते ऐकतात."

गच्चीतला जुना मित्र कोण ते कळलं. चादरीखाली अर्धवट पाळणा आहे तेही कळलं. कपाटाच्या फळ्या इतक्या लहान नसतात, हे मला आधी दिसायला हवं होतं.

फार लागलं. लेक माझी, विषय माझा, आणि सगळ्यात शेवटी मला. पण फोन उपडा ठेवला. आणि बाहेरच्या खोलीत आता सगळ्यांना विचारते ते तिला विचारलं, "तुला माझ्याकडून काय माहीत करून घ्यायचंय? तेवढंच सांगते."

ती रडायला लागली. मग विचारलं तिने. दुखतं का, बाळाला धोका किती, चुकीचं उत्तर येतं का. मी विचारलं तेवढंच सांगितलं, जीभ दाताखाली धरून. तपासणी करायची हे त्यांचं ठरलं आहे, डॉक्टरही त्यांनी तिकडचे बघितले आहेत. ती म्हणाली, "त्याच्यापुढचं आम्ही दोघं ठरवू. ठरवून झालं की तुला सांगू."

मी "बरं" म्हटलं. थोड्या वेळाने परत "बरं" म्हटलं.

१६ मार्च

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "तिने सांगितलं तेव्हाच मीही रक्त देऊन आलो. माझ्यात नाही."

म्हणजे ते माझ्याकडून गेलं. एवढं गणित मला येतं.

रोज किती जणींना सांगते, यात कुणाची चूक नाही. ऐकणारीला ते कसं ऐकू येतं, ते मला आज कळलं. मी ओट्याशी उभी राहून कप धूत होते, धुतलेलाच परत धूत होते. मुलगी मागे येऊन म्हणाली, "आई, वाहक असणं म्हणजे आजार नव्हे. यात कुणाची चूक नाही." माझ्याच सुरात, मान माझ्यासारखी डावीकडे कलती करून. मला हसू आलं. मग रडू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

२२ मार्च

काल तिच्या गावी तपासणी झाली. आम्ही दोघं गेलो होतो. तिथल्या नर्सने विचारलं, आत कोण येणार? मुलगी म्हणाली, "हा येईल. आई बाहेर बसेल." मी बाहेर बसले. हे शेजारी बसून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते. डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीच्याच वयाच्या. येऊन अदबीने म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीही याच कामात ना? काही विचारायचंय?" विचारायचं इतकं होतं की त्यांची दुपार गेली असती. मी म्हटलं, "नाही."

मग दार उघडून जावई बाहेर आला. "आई, ती तुम्हाला बोलावतेय. पण बोलायचं नाही म्हणते."

गेले. तिने हात पुढे केला, मी धरला. डॉक्टरांनी सुई हातात घेतली होती, ती त्यांनी परत ट्रेमध्ये ठेवली आणि मुलीला म्हणाल्या, "अजूनही नाही म्हणालात तरी चालेल. उठायचं आणि घरी जायचं." मुलीने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीही वाचता येऊ नये म्हणून मी जेवढा जोर लावला, तेवढा कुठल्या अडलेल्या बाळंतपणातही लावला नसेल. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, "करा."

मी बोलले नाही. हात तिने सोडेपर्यंत सोडला नाही.

घरी आलो. फळ्यांवरची चादर तशीच आहे, आणि ती काढायची की नाही हे मी ह्यांना विचारलेलं नाही. उद्या बाहेरच्या खोलीत तीन जोडपी यायची आहेत. मी जाणार आहे.

रिपोर्टचा फोन मला यायचा नाही, तिला यायचा. तसंच हवं. फक्त काल निघताना, मुलगी गाडीत बसल्यावर, मी मागे वळून पुन्हा आत गेले होते. डॉक्टर हात धूत होत्या. म्हटलं, "एकच. फोन कराल तेव्हा आधी तिला विचाराल ना, कुठे आहेस, बसायला जागा आहे का?"